एम.टेक.ला पैसा मिळतो, पण उशिरा मिळतो : गावाकडून येणाऱ्या इंजिनिअरांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात आमचं गाव. चार एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि तुरी. बी.ई. झाल्यावर मी गेट (इंजिनिअरांची पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) दिली, एम.टेक. केलं आणि दोन्ही वर्षं बहुतेक सरकारी पैशावर काढली. आता दर जून-जुलैत ओळखीच्यांच्या पोरापोरींचे फोन येतात, "ताई, एम.टेक.ला किती खर्च येतो?" खर्चाचा आकडा कुणीही सांगेल. तुम्हाला खरं विचारायला हवं ते हे की पैसा कोणत्या महिन्यात हातात येतो. माझी फसगत नेमकी तिथे झाली, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी गेट, मग बाकी सगळं

एम.ई./एम.टेक.साठी मिळणाऱ्या मदतीचं मूळ गेटच्या स्कोअरमध्ये आहे. पात्र गेट स्कोअरवर पूर्णवेळ प्रवेश घेतला की महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, जास्तीत जास्त २४ महिने. हिशेब केला तर २,९७,६०० रुपये. आयआयटी-एनआयटीत ते संस्थेमार्फत मिळतं आणि त्याबदल्यात आठवड्याला साधारण आठ तास लॅब, ट्युटोरियल किंवा पेपर तपासणीचं काम करावं लागतं. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता असलेल्या इतर कॉलेजांत हेच पैसे एआयसीटीई थेट तुमच्या खात्यात टाकते. म्हणजे अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीत किंवा शेगावच्या कॉलेजात शिकूनही १२,४०० मिळू शकतात. त्यासाठी आयआयटीतच जायला हवं असं नाही. गावाकडे हे अनेकांना माहीतच नसतं.

गेटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत आणि निकाल मार्चमध्ये. स्कोअर तीन वर्षं चालतो. बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला असतानाही परीक्षा देता येते, आणि मी तर म्हणेन द्याच. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना शुल्क निम्मं असतं.

गेट नसेल तरी राज्याच्या कॅप (सामायिक प्रवेशप्रक्रिया) फेरीत, गेटवाल्यांनंतर उरलेल्या जागांवर, पदवीच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश मिळतो. पण त्या प्रवेशावर विद्यावेतन नाही. माझं स्पष्ट मत आहे की घरची परिस्थिती बेताची असेल तर गेटविना खाजगी कॉलेजात फी भरण्यापेक्षा एक वर्ष घरी राहून गेट काढलेली बरी. ते वर्ष वाया गेलं असं शेजारीपाजारी म्हणतील. त्यांना वरचा पावणेतीन-तीन लाखांचा हिशेब दाखवा.

२. कागद एप्रिलपासून जमवा

प्रवेशाची यादी लागल्यावर सेतूत रांग लावली तर उशीर झालेलाच असतो. जूनमध्ये दहावी-बारावीची सगळी पोरं तिथे असतात, आणि तलाठी साहेब पेरणीच्या दिवसांत सापडतील त्या दिवशी तुमचं नशीब. ही यादी फ्रीजवर किंवा कपाटाच्या दारावर चिकटवा :

- गेटचं स्कोअरकार्ड (पीडीएफ आताच उतरवून ठेवा)
- दहावी, बारावी, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र
- शाळा/कॉलेज सोडल्याचा दाखला
- अधिवास दाखला
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (१ एप्रिलनंतर काढलेला, म्हणजे मागचं आर्थिक वर्ष त्यात येतं)
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- नॉन-क्रिमीलेअर, लागू असेल तर राज्याच्या आणि केंद्राच्या अशा दोन्ही नमुन्यांत
- ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला, लागू असेल तर
- सातबारा, आठ-अ, आणि अल्पभूधारक असल्याचा तहसीलचा दाखला
- रेशनकार्ड, आई-वडिलांचं आधार
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- पासपोर्ट फोटो, सहीचा स्कॅन

यातल्या दोन गोष्टींवर जरा थांबते.

एक, नॉन-क्रिमीलेअर. राज्याचा दाखला केंद्राच्या प्रवेशात चालत नाही, नमुना वेगळा असतो. गेटमध्ये ओबीसीची पात्रता खुल्या प्रवर्गाच्या ९० टक्क्यांवर आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांची दोन तृतीयांशावर असते. तुम्ही त्या सवलतीच्या रेषेवर पात्र झाला असाल आणि ऐनवेळी दाखला जुना निघाला, तर तुम्हाला खुल्या प्रवर्गात धरतात. मग प्रवेश आणि विद्यावेतन दोन्ही अडतं. राज्यात व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) किंवा एसबीसीमध्ये (विशेष मागास प्रवर्ग) असलेल्यांनी आपल्या जातीचं नाव केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का हे आधी पाहावं.

दोन, मूळ कागद. बी.ई.च्या कॉलेजात शिष्यवृत्तीचा हप्ता आलेला नसतो, म्हणून टी.सी. अडकवून ठेवतात. माझ्या वर्गातल्या तिघींचं असं झालं. पदवीचा निकाल लागला की त्याच आठवड्यात कॉलेजात जाऊन थकबाकीचा आकडा लेखी मागा. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी बोलण्याला पुढे काही अर्थ उरत नाही.

३. आधार कोणत्या बँकेला जोडलंय, ते आजच बघा

हा भाग सगळ्यात सावकाश वाचा.

सरकारी पैसा तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर येईलच असं नाही. थेट लाभाचे (डीबीटी) पैसे आधारवर जातात, आणि आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं गेलं त्या खात्यात पडतात. तुमच्या चार बँकांत खाती असतील तरी डीबीटीसाठी जोडलेलं खातं एकच असतं.

माझ्या पहिल्या सत्रात ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, दिवाळी झाली. पोर्टलवर "रक्कम अदा" दिसत होतं. मी बँकेत जाऊन पासबुक छापायच्या यंत्रात तीनदा घातलं. तीनही वेळा तीच शेवटची ओळ : ४१२ रुपये शिल्लक, व्याज जमा ३ रुपये. मागे रांगेतला माणूस म्हणाला, "बाई, पान संपलं का पैसे?" मी काही बोलले नाही. रोज रात्री बाबांचा फोन यायचा, "नाई आलं का वं अजून?" मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकले तेव्हा त्यांनी भाव चढेपर्यंत घरात ठेवलेली तूर पडत्या भावात काढली.

पैसे आले होते. गावात सिमकार्ड विकायला आलेल्या एका माणसाने अंगठा घेऊन माझं एक खातं उघडलं होतं. मला वाटलं होतं ते फक्त रिचार्जसाठी आहे. आधार तिकडे जोडलं गेलं आणि तीन महिन्यांचं विद्यावेतन तिथे पडून राहिलं. ते काढायला एक दिवस लागला, पण कळायला तीन महिने गेले.

म्हणून असं करा. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन "बँक सीडिंग"ची स्थिती पाहा. मोबाइलवर येणारा ओटीपी टाकला की बँकेचं नाव दिसतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदला. बँक चुकीची असेल तर हव्या त्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरा, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासा. खातं साधं बचत, एकट्याच्या नावाचं ठेवा. जनधन खात्याला व्यवहाराची मर्यादा असते, संयुक्त खातं चालत नाही, लहानपणी उघडलेलं अज्ञान खातंही नाही. नावाचं स्पेलिंग आधार, दहावीची गुणपत्रिका आणि पासबुक या तिन्हींत एकच हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव एका ठिकाणी "राव" लावून आणि दुसऱ्या ठिकाणी राव न लावता असतं, तेवढ्यावरूनही अर्ज परत येतो.

४. प्रवेशाचे तीन दरवाजे

एनआयटीसाठी सीसीएमटी नावाची एकत्रित प्रवेशप्रक्रिया. नागपूरच्या व्हीएनआयटीची नोंदणी तिथेच होते. आयआयटीसाठी प्रत्येक संस्थेत वेगळा अर्ज करावा लागतो, आणि मिळालेल्या ऑफर कोॲप नावाच्या पोर्टलवर स्वीकारायच्या असतात. फक्त कोॲपवर नोंदणी करून वाट पाहत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तिथे नोंदणी म्हणजे अर्ज नाही. तिसरा दरवाजा राज्याच्या सीईटी कक्षाची कॅप फेरी. राज्याच्या फी-सवलतीच्या योजना कॅपमधून आलेल्यांनाच लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातून "जागा पक्की करून देतो" म्हणणाऱ्याला हात जोडा, कारण त्या जागेवर सवलत बसत नाही.

आयआयटीत अनुसूचित जाती-जमातीच्या एम.टेक. विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क माफ असतं. एक कमी ठाऊक असलेली वाट म्हणजे संशोधन सहाय्यक म्हणून प्रवेश. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी हे तीन वर्षांचं एम.टेक. असतं, काम जास्त आणि आर्थिक मदतही पूर्ण काळ.

जागा स्वीकारताना ऑनलाइन रक्कम त्याच दोन-तीन दिवसांत भरावी लागते. घरच्या खात्याला नेट बँकिंग नसतं आणि यूपीआयला दिवसाची मर्यादा असते. पैसे आधीच तुमच्या खात्यात आणून ठेवा.

५. एआयसीटीईचं विद्यावेतन : कॉलेजच्या बाबूंशी ओळख ठेवा

एआयसीटीईच्या कॉलेजात प्रवेश झाला की पहिल्याच आठवड्यात शिष्यवृत्तीचं काम कोण पाहतं ते विचारा. तुमची विद्यार्थी-ओळख, म्हणजे युनिक आयडी, कॉलेज तयार करतं. ती मिळाल्यावर तुम्ही पोर्टलवर लॉगिन करून गेटचं स्कोअरकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, प्रवर्गाचा दाखला अपलोड करता. मग कॉलेज तपासून मंजूर करतं आणि पुढे दर महिन्याला तुमची हजेरी कळवतं. मुदतीत आयडीच तयार झाली नाही तर पुढे कुणी ऐकत नाही. आयडी मिळेपर्यंत दर सोमवारी जाऊन विचारा. लाज वाटू देऊ नका, ते तुमचे महिन्याचे १२,४०० आहेत.

विद्यावेतन घेत असताना नोकरी, तासिका तत्त्वावर शिकवणं, दुसरं विद्यावेतन चालत नाही. कुणाकडून कळलं की वसुली लागते.

मुलींना एक सांगते. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती डिप्लोमा आणि पदवीसाठी आहे. एम.टेक.ला ती नाही, त्या फॉर्ममागे वेळ घालवू नका.

६. महाडीबीटी

राज्याच्या योजना महाडीबीटी या एकाच पोर्टलवर आहेत, पण त्या वेगवेगळ्या सरकारी विभागांच्या आहेत.

अनुसूचित जातीसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. जमातीसाठी, ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसीसाठी त्यांच्या त्यांच्या विभागाच्या योजना. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न आठ लाखांपर्यंत, मुलांना निम्मं शिक्षणशुल्क. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठा फरक पडला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क शंभर टक्के माफ. खाजगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं मात्र यात नाहीत. प्रवेश घेण्याआधी संस्थेचा दर्जा बघा. नावात "विद्यापीठ" दिसलं की थांबा आणि विचारा.

अर्ज भरताना होणाऱ्या चुका बहुतेक त्याच त्या असतात. बी.ई.ला असलेलं जुनं प्रोफाइल सोडून नवं उघडणं. आधीचा अभ्यासक्रम "पूर्ण" न दाखवणं. अर्ज कॉलेजने परत पाठवला तरी महिना-महिना लॉगिन न करणं. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करा, स्थितीचा स्क्रीनशॉट काढा.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं : शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट तुमच्या खात्यात येतो, आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. घरी वाटतं की पोराला पैसे आले. मृग लागलेला असतो, बियाण्याचे भाव वाढलेले असतात, दुकानदाराची मागची उधारी असते. पैसे वावरात जातात आणि सहा महिन्यांनी कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवतं. पैसे येण्याआधीच घरी बसून समजावून सांगा की यातले एवढे कॉलेजचे आहेत.

आता नाजूक मुद्दा. विद्यावेतन आणि फी-सवलत दोन्ही एकदम घेता येतात का? शाहू महाराज योजनेत दुसरी शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन घेऊ नये अशी अट आहे, आणि एआयसीटीईचीही तशीच अट आहे. दोन्ही फॉर्म मुकाट्याने भरून बघू, असं करू नका. वर्षाचं विद्यावेतन १,४८,८०० आणि तुमची वर्षाची फी कागदावर शेजारी-शेजारी लिहा, आणि तुमच्या योजनेबद्दल कॉलेजला लेखी विचारा. जिथे एकच घ्यावं लागतं तिथे शासकीय कॉलेजच्या फीपेक्षा विद्यावेतन बहुधा मोठं निघतं.

७. राहणं आणि जेवण

आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज करा, जागा मिळणार नाही अशी खात्री असली तरी. कारण पुढच्या योजना वसतिगृह न मिळालेल्यांसाठी आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागासांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये नागपुरात शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपये मिळतात : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. अमरावतीसारख्या विभागीय ठिकाणी ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. तुम्ही त्याच शहराचे रहिवासी नसावे ही अट आहे. भाड्याच्या खोलीचा करारनामा लागतो, म्हणून खोली घेतानाच घरमालकाला तसं सांगा. कराराला नाही म्हणणारे घरमालक बरेच असतात.

अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. भाऊसाहेब अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. त्यांच्या नावाची योजना आपल्या विदर्भातल्या पोरांनीच सोडून द्यावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर तहसीलमधून अल्पभूधारकाचा दाखला काढा. एका दाखल्याचं काम आहे.

इथेही वरचाच नियम : विद्यावेतन घेत असाल तर निर्वाह भत्त्याबद्दल आधी लेखी विचारा.

८. कर्ज घ्यायचंच असेल तर

शैक्षणिक कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा. गावाजवळच्या शाखेत तोंडी विचारलं तर "साहेब रजेवर आहेत" ऐकून परत याल. पोर्टलवरच्या अर्जाला नंबर पडतो, त्याचं उत्तर द्यावं लागतं.

साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी पतहमी योजनेत तारण लागत नाही. कुणी सातबारा गहाण मागितला तर योजनेचं नाव घेऊन विचारा. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज आहे, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात तीन टक्के व्याजसवलत. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा फी-परतावा घेत असाल तर ही सवलत मिळत नाही. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिकत असतानाचं पूर्ण व्याज सरकार भरतं, पण आयुष्यात एकदाच. बी.ई.च्या कर्जावर ते घेतलं असेल तर एम.टेक.ला मिळणार नाही. हे मला बँकेत समजलं, तोवर मी घरी सगळ्यांना व्याज लागणार नाही म्हणून सांगून बसले होते.

बाबांचं पीककर्ज थकीत असेल तर त्यांचा सिबिल (कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणारा गुणांक) बिघडलेला असतो आणि बँक तिथेच अडते. आपल्याकडे कर्जमाफीच्या आशेवर थांबलेली घरं कमी नाहीत. आईच्या नावावर काही थकलेलं नसेल तर आईला सहकर्जदार करा. तिचं पॅनकार्ड नसतं, ते काढायला पंधरा दिवस धरा.

९. पहिल्या चार महिन्यांची सोय

वरच्या कोणत्याही योजनेचा पैसा ऑगस्टमध्ये हातात पडत नाही. विद्यावेतन सुरू व्हायला दिवाळी उजाडते, महाडीबीटीचा हप्ता कधीकधी पुढच्या उन्हाळ्यात. म्हणून निघताना चार महिन्यांचं मेस, खोलीभाडं आणि डिपॉझिट एवढे पैसे हाताशी हवेत. तेवढे नसतील तर गावातल्या सावकाराकडे जायच्या आधी तीन ठिकाणी विचारा : मेसवाल्या काकूंना दिवाळीपर्यंत थांबता येईल का, कॉलेजला फी हप्त्याने घेता येईल का, आणि बचत गटात आईच्या नावावर कर्ज मिळेल का. माझ्या आईच्या गटाने मला पंधरा हजार दिले. गटाच्या वहीत त्या रकमेसमोर आईने "पोरीची मेस" असं लिहून घेतलं होतं.

१०. दुसरं वर्ष

महाडीबीटीवर दुसऱ्या वर्षी "नूतनीकरण" निवडायचं, नवा अर्ज नाही. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदत पुन्हा बघायची. एखादा विषय राहिला असेल तर योजनेच्या अटी वाचायच्या. विद्यावेतनाचे २४ महिने प्रवेशापासून मोजले जातात. शोधप्रबंध लांबला तर पुढचे महिने तुमच्या खिशातून, म्हणून मार्गदर्शकांना तिसऱ्या सत्रातच तारीख विचारा.

पुढे पीएच.डी. करायची असेल तर जेआरएफ (संशोधनासाठीची केंद्राची फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, आणि बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. महाज्योतीचं कार्यालय नागपुरातच आहे, जाऊन विचारता येतं. जाताना सगळ्या दाखल्यांच्या तीन-तीन झेरॉक्स आणि मूळ प्रतींची फाइल सोबत न्या, आणि त्याआधी एकदा आधारची सीडिंग स्थिती पुन्हा उघडून पाहा. मधल्या काळात कुणी नवं सिम दिलं असेल तर खास करून.